रिकाम्या जागेची ऊब

एकाच रिकाम्या जागेत दोन थर्मामीटर. एक म्हणतो शून्य, दुसरा म्हणतो इथे गरम आहे. आणि दोघांपैकी बिघडलेला एकही नाही!

लोकलमध्ये दारापासून जरा आत, कशालाही न धरता उभे आहात असं समजा. कानात इअरफोन, डोळे मिटलेले. गाडी सरळ रुळावर, एकाच वेगाने, अजिबात हिसका न देता चालली असेल, तर ती ताशी ३० किलोमीटरने जातेय की ८० ने, हे तुम्हाला नुसत्या शरीरावरून सांगता येणार नाही. पण मोटरमनने वेग वाढवला रे वाढवला की तुम्ही थेट मागच्या काकांच्या अंगावर! तिथे डोळे उघडायचीही गरज पडत नाही. वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. अकरावीला आपण ज्याची सूत्रं घोकली ते त्वरण, म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, अंगाला कळतं.

इथपर्यंत न्यूटनबाबा खूश. गंमत पुढे आहे. हीच लोकल रुळावरून उचला आणि अवकाशात अशा ठिकाणी नेऊन सोडा, जिथे हवा नाही, धूळ नाही, प्रकाशाचा एक किरणसुद्धा नाही. शंभर टक्के रिकामी जागा. गाडी एकाच वेगाने जात असताना खिडकीबाहेर थर्मामीटर लटकवला, तर तो निरपेक्ष शून्य दाखवेल, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस. आता मोटरमनने त्वरण दिलं आणि देतच राहिला. थर्मामीटर वर सरकेल. घर्षणामुळे नाही, कारण घासायला बाहेर काही नाहीच. इंजिनाच्या धगीमुळेही नाही, ते आपण नीट झाकलंय. थर्मामीटर त्या रिकाम्या जागेमुळेच तापेल.

याचं नाव उनरू इफेक्ट. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले बिल उनरू यांनी १९७६ साली तो मांडला. त्याआधी १९७३ मध्ये स्टीफन फुलिंग आणि १९७५ मध्ये पॉल डेव्हिस या दोघांनी याच दिशेने गणित नेलं होतं, त्यामुळे जाणकार तिघांचीही नावं जोडून घेतात. आपण सोयीसाठी एकच घेऊ.

माझ्या टीवायच्या व्हायव्हात प्रश्न आला होता, निर्वात म्हणजे काय? मी म्हटलं, काहीही नसणं. सरांनी मान डोलावली आणि मार्क दिले. ते मार्क परत करायला हवेत असं आता वाटतं.

डबा रिकामा कधी होतो?

आपल्या डोक्यात कण म्हणजे बारीक गोट्या. डबा उपडा केला, गोट्या काढल्या, डबा रिकामा. क्वांटम फिजिक्समध्ये हे चित्र चालत नाही. तिथे मूळ गोष्ट कण नसून क्षेत्र, म्हणजे फील्ड. इलेक्ट्रॉनचं एक फील्ड, प्रकाशाचं एक, आणि अशी सगळी फील्ड्स विश्वाच्या कानाकोपऱ्यात पसरलेली. तंबोऱ्याची तार डोळ्यांपुढे आणा. तार छेडली की सूर निघतो, फील्ड छेडलं की कण निघतो. फील्डच्या कंपनाचं एक सुटं माप म्हणजे कण. तार शांत असेल तर कण नाहीत, आणि या अवस्थेलाच निर्वात म्हणायचं. फक्त एक अडचण आहे. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे क्वांटमची तार पूर्ण शांत होऊच शकत नाही. थोडी थरथर कायम राहते. ती कण म्हणून मोजत नाहीत, कारण त्याहून खाली जायला जागाच नसते.

आता मेख लक्षात घ्या. कंपन म्हणजे सेकंदाला किती वेळा हललं ते. पण सेकंद कुणाचा? ज्याच्या मनगटावर घड्याळ आहे त्याचा. एकाच वेगाने जाणाऱ्या सगळ्या प्रवाशांची घड्याळं आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षतेनुसार वेगवेगळी चालत असली, तरी निर्वात कशाला म्हणायचं यावर त्यांचं एकमत होतं. सतत त्वरण असलेल्या प्रवाशाचं मात्र या मंडळींशी जुळत नाही. त्याचं घड्याळ त्यांच्या मानाने बदलतच राहतं. मग 'शांत तार' आणि 'वाजणारी तार' यांची त्याने केलेली वाटणी वेगळी निघते. इतरांनी जिथे शून्य कण मोजले, तिथे त्याच्या हिशोबात कण येतात.

हे हवेतलं वाटत असेल तर अ‍ॅम्ब्युलन्स आठवा. ती आपल्यापासून लांब जाताना सायरनचा सूर उतरतो. आता सायरन एका जागी ठेवा आणि तुम्ही त्याच्यापासून लांब पळा, तेही सतत वेग वाढवत. सूर एकदा उतरून थांबणार नाही, उतरतच जाईल. जी लाट दुसऱ्यासाठी एकच स्वच्छ पट्टी आहे, ती तुमच्यासाठी सगळ्या पट्ट्यांचा लगदा होते. त्या लगद्यात कुठल्या पट्टीचा किती वाटा, हा हिशोब प्रकाशाच्या लाटांसाठी कागदावर मांडला की समोर एक ओळखीचं सूत्र उभं राहतं. मॅक्स प्लँकने १९०० साली तापलेल्या वस्तूंच्या प्रकाशासाठी काढलेलं, बीएस्सीला ब्लॅक बॉडी रेडिएशनच्या धड्यात भेटतं ते. मी हे गणित पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा कुठेही उष्णता घातली नव्हती, तरी शेवटच्या ओळीत तापमान निघालं. चूक शोधण्यात एक संध्याकाळ गेली. चूक नव्हती.

दुसऱ्या बाजूनेही याच उत्तरापाशी पोहोचता येतं आणि मला तो रस्ता जास्त आवडतो. समजा, तुम्ही एका जागेवरून निघालात आणि कायम त्वरण ठेवलंत. मागून कुणीतरी टॉर्च मारला. प्रकाश तुमच्यापेक्षा नेहमीच जोरात, म्हणजे गाठेलच की! नाही गाठत. तुमचा वेग प्रकाशाच्या वेगाकडे सरकत असतो, त्यामुळे दोघांतलं अंतर कमी होण्याचा झपाटाच मंदावत जातो. टॉर्च पुरेसा मागे असेल तर ते अंतर एका मर्यादेपाशी अडकतं, शून्य कधीच होत नाही. म्हणजे तुमच्या मागे एक रेघ तयार होते. तिच्या पलीकडची कुठलीच बातमी तुम्हाला मिळणार नाही. याला क्षितिज म्हणतात. पृथ्वीवर आपल्याला जे गुरुत्वत्वरण जाणवतं तेवढ्याच त्वरणाने निघालात, तर हे क्षितिज साधारण एक प्रकाशवर्ष मागे असेल. ते तुमच्यापुरतंच. इंजिन बंद करा, प्रकाश हळूहळू येऊन गाठेल आणि क्षितिज नाहीसं होईल. व्हॉल्फगांग रिंडलर यांच्या नावाने ते ओळखलं जातं. कृष्णविवरासाठी आपण जो 'इव्हेंट होरायझन' शब्द वापरतो, तोही याच रिंडलरनी रूढ केलेला.

आता निर्वातातली ती थरथर आठवा. क्षितिजाच्या अलीकडची आणि पलीकडची थरथर एकमेकींशी बांधलेली असते, एंटँगल्ड. दोघी मैत्रिणींचं चॅट वाचायला मिळालं तर सगळं सुसंगत वाटेल. पण एकीचेच मेसेज दिसले तर? 'हो', 'पिवळा', 'सात', 'अगं नाही', 'मेली ती'. काही कळणार नाही, नुसता गोंधळ. क्षितिजापलीकडची बाजू तुमच्यासाठी कायमची ब्लॉक झाली की उरलेली अर्धी थरथर तशीच गोंधळाची दिसते. आणि असा गोंधळ फिजिक्समध्ये उष्णता म्हणूनच मोजला जातो.

चहा उकळेल का?

तापमानाचं सूत्र एका ओळीचं आहे. त्वरण दुप्पट, तापमान दुप्पट, बस. सोबत तीन स्थिरांक येतात, प्लँकचा, प्रकाशाचा वेग आणि बोल्ट्झमनचा. म्हणजे क्वांटम, सापेक्षता आणि उष्णता हे सिलॅबसमधले तीन वेगवेगळे पेपर एकाच ओळीत बसलेत.

आकडे मात्र निराशा करतात. पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाइतक्या त्वरणाला मिळणारं तापमान लिहायचं तर दशांश चिन्हानंतर १९ शून्यं काढायची, मग ४ लिहायचा, मग पुढे केल्व्हिन. विश्वात सगळीकडे महास्फोटाची उरलेली धग आहे, तीच २.७ केल्व्हिन भरते. तिच्यापुढे हा आकडा सापडणार कसा? फक्त १ केल्व्हिन मिळवायचा तरी गुरुत्वत्वरणाच्या अडीच लाख कोटी कोटी पट त्वरण हवं. कटिंग चहा उकळायला त्याच्याही ३७३ पट. चहा, किटली आणि चहावाला, तिघांचंही काही उरणार नाही.

मग उनरूंना हे सुचलं कुठून? तर कृष्णविवरावरून. १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी दाखवलं की कृष्णविवर पूर्ण काळं नसतं, त्यातून उष्णतेचं प्रारण निघतं आणि त्याला तापमान असतं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरासाठी ते १ केल्व्हिनच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. हे कण नेमके येतात कुठून, यावर तेव्हा भरपूर डोकेफोड चालू होती. उनरूंनी प्रश्नच बदलला. कण आहे की नाही, यावर वाद घालण्यापेक्षा कण टिपणारं यंत्र काय करतं ते बघू. त्यांनी कागदावर एक छोटी पेटी घेतली, तिच्यात एक कण, सगळ्यांत खालच्या ऊर्जेवर बसलेला. बाहेरून काही मिळालं की तो वरच्या पायरीवर उडी मारणार. क्लिक! ही पेटी निर्वातात त्वरणाने पळवली तर ती क्लिक करते, आणि ती जणू कोमट पाण्यात ठेवल्यासारखी करते, असं उत्तर आलं. कृष्णविवराजवळ न पडता तरंगत राहायचं तर इंजिन चालू ठेवावं लागतं, म्हणजे तिथेही त्वरण आलंच. हॉकिंगचं आणि उनरूचं नातं इथे जुळतं.

एक घटना, दोन जबान्या

खरं कुणाचं, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. पळणारा म्हणतो इथे गरम आहे, कण आहेत. थांबलेला म्हणतो काहीही नाही. दोघंही बरोबर हे म्हणायला सोपं आहे, पण मग त्या पेटीचं क्लिक झालं की नाही?

याचं मला सगळ्यांत आवडलेलं उत्तर ब्राझीलमधून आलं. प्रोटॉन हा टिकाऊ कण. सुटा प्रोटॉन मोडताना आजवर कुणीही पाहिलेला नाही. न्यूट्रॉन त्याच्यापेक्षा जेमतेम ०.१४ टक्क्यांनी जड, त्यामुळे प्रोटॉनला स्वतःहून न्यूट्रॉन व्हायचं तर ऊर्जा कमी पडते. पण त्याला प्रचंड त्वरण दिलं तर? प्रयोगशाळेत स्थिर उभा असलेला माणूस सांगेल, प्रोटॉनला ढकलणाऱ्याने ऊर्जा पुरवली, त्या जोरावर तो न्यूट्रॉन झाला आणि सोबत पॉझिट्रॉन आणि न्यूट्रिनो बाहेर पडले. ठीक. आता प्रोटॉनच्याच पाठीवर बसून बघा. तुमच्या लेखी प्रोटॉन जागेवर बसलाय. मग तो मोडला कसा? तुमची जबानी अशी असेल, आजूबाजूला गरम कणांची गर्दी होती, त्यातला एक इलेक्ट्रॉन प्रोटॉनने गिळला आणि न्यूट्रॉन झाला.

एक म्हणतो बाहेर टाकला, दुसरा म्हणतो आत घेतला. साओ पावलोमधल्या डॅनिएल व्हान्झेला आणि जॉर्ज मात्सास यांनी २००१ मध्ये दोन्ही बाजूंनी हिशोब केला, सोप्या केलेल्या दोन मितींच्या गणितात. प्रोटॉन किती लवकर मोडेल याचे दोन्हीकडचे आकडे जुळले. पण एका अटीवर. पाठीवर बसलेल्याने उनरूने सांगितलेलं तापमान धरलं तरच. नाही धरलं, तर त्याच्या जगात प्रोटॉन मोडत नाही आणि प्रयोगशाळेत मात्र मोडतो. असा फरक निसर्ग चालवून घेणार नाही, प्रोटॉन एक तर मोडला किंवा नाही मोडला.

उनरूंच्या पेटीचंही तसंच आहे. उनरू आणि रॉबर्ट वॉल्ड यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की पळणाऱ्याच्या लेखी पेटीने गरम गर्दीतला कण गिळला, तर थांबलेल्याच्या लेखी त्याच क्षणी पेटीने एक कण बाहेर टाकला. बिल इंजिनाच्या नावावर. क्लिक मात्र दोघांनाही मान्य.

हे इतक्या तपशिलात सांगायचं कारण म्हणजे परवा आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर फिरत आलेलं एक रील. मागे बासरी, पुढे आकाशगंगा, आणि आवाज सांगतोय की क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय, बघणाऱ्याच्या मनावरच जग अवलंबून असतं, विचार बदला, विश्व बदलेल. खाली शेकडो हात जोडलेले. उनरू इफेक्टसारख्या गोष्टींचा नंतर असाच भुगा केला जातो, म्हणून चिडचिड होते. यात 'बघणारा' म्हणजे मन असलेला माणूस लागतच नाही. थर्मामीटर पुरतो. एक इलेक्ट्रॉनही पुरतो. तुम्ही कितीही सकारात्मक विचार केलात तरी तापमान बदलणार नाही, त्यासाठी इंजिनच लागेल. आणि वर्णन कितीही वेगळं असलं तरी क्लिक झालं की नाही यावर मतभेदाला वाव नाही. 'सगळं सापेक्ष असतं' म्हणणाऱ्यांना हा भाग कुणी सांगत नाही.

पन्नास वर्षं होत आली, थेट मोजलंय का कुणी? सरळ रेषेतल्या त्वरणाने तापलेला थर्मामीटर अजून कुणी दाखवलेला नाही. जवळपास फिरणाऱ्या गोष्टी मात्र आहेत. सर्न या युरोपच्या प्रयोगशाळेतले जॉन बेल, बेल्स थिअरमवाले, आणि नॉर्वेचे यॉन लाइनास यांनी १९८३ मध्ये म्हटलं, लोहचुंबकांच्या रिंगणात फिरवलेला इलेक्ट्रॉन हाच थर्मामीटर समजू. रिंगणात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन हळूहळू एका दिशेला वळतात, पण जास्तीत जास्त ९२ टक्क्यांच्या आसपास. पूर्ण शंभर होत नाहीत. सोकोलोव्ह आणि टेर्नोव्ह या रशियन जोडीने हे १९६० च्या दशकातच काढलं होतं. उरलेल्या तुटीकडे उनरूच्या उष्णतेचा परिणाम म्हणून बघता येतं, असं बेल-लाइनास यांचं म्हणणं. पण गोल फिरणं म्हणजे सरळ पळणं नव्हे, तिथलं तापमान सूत्रात तंतोतंत बसत नाही, त्यामुळे वाद मिटला नाही.

२०१९ मध्ये शिकागोत चेंग चिन यांच्या गटाने निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केलेल्या सिझियमच्या अणूंना चुंबकीय क्षेत्राने असं हलवलं, की बाहेर उडालेल्या अणूंचा हिशोब उनरूच्या सूत्रासारखा आला. सुंदर प्रयोग, पण ती नक्कल होती, अणूंना कुणी खरोखर तसं पळवलं नव्हतं. स्वतः उनरूंनी तर हॉकिंगच्या प्रारणाची नक्कल पाण्याच्या हौदात केली. व्हँकुव्हरमधला लांबलचक हौद, तळाशी विमानाच्या पंखासारखा उंचवटा, वरून वाहतं पाणी आणि उलट दिशेने सोडलेल्या लाटा. जिथे प्रवाह लाटेपेक्षा जोरात, तिथे लाटेसाठी क्षितिज. जिल्के वाइनफुर्टनर आणि सहकाऱ्यांसोबतचं हे काम २०११ मध्ये छापून आलं.

काही शास्त्रज्ञ म्हणतात वेगळा प्रयोग कशाला, क्वांटम फील्ड थिअरी मान्य असेल तर उनरू इफेक्ट आपोआप आला. मला गणित पटतं. तरीही कुणीतरी एकदा थर्मामीटर चढलेला दाखवावा असं वाटतं. फिजिक्स शिकलो ते त्यासाठीच.

या सगळ्याचा एक धागा पुण्यात येतो. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकात थाणू पद्मनाभन १९९२ पासून होते, सप्टेंबर २०२१ मध्ये जाईपर्यंत. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये जयंत नारळीकरांच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली होती. क्षितिजाला तापमान असतं, या एका गोष्टीचा त्यांनी आयुष्यभर पिच्छा पुरवला. एकोणिसाव्या शतकात अणू कुणी पाहिले नव्हते, तेव्हा बोल्ट्झमन सांगत होता की पाणी तापतं, याचाच अर्थ त्याच्या आत हलणारे बारीक घटक आहेत. पद्मनाभन यांनी तोच तर्क अवकाशाला लावला. पळणाऱ्याला रिकामी जागा तापलेली दिसते, मग त्या जागेलाही आतून काही बारीक घडण असली पाहिजे. तसं असेल तर गुरुत्वाकर्षण ही मूळ गोष्ट उरत नाही. दाब किंवा तापमान जसं असंख्य रेणूंच्या गर्दीतून येतं, तसंच तेही कुठल्यातरी गर्दीतून येतं. अमेरिकेत टेड जेकबसन यांनी १९९५ मध्ये उनरूचं तापमान आणि उष्णतेचा साधा नियम एवढ्या भांडवलावर आइन्स्टाइनचं गुरुत्वाचं समीकरण काढून दाखवलं होतं. पद्मनाभन यांनी आपल्या वाटेने हा विचार बराच पुढे नेला. ते घटक कुठले, हे अजून कुणाला सापडलेलं नाही. ती जागा रिकामी आहे, कुणाला पीएचडीसाठी विषय हवा असेल तर.

जाता जाता लोकलचा हिशोबही करून टाकू. सुटताना तिचं त्वरण सेकंदाला सेकंद अर्धा मीटर धरलं, तर उनरूचं तापमान येतं दशांश चिन्ह, मग २० शून्यं, मग २, पुढे केल्व्हिन. दादरला गाडी सुटताना घाम फुटतो तो अर्थात या कारणाने नाही.